दुसरा ड्राफ्ट लिहायच्या आधी हा पिक्चर बघ

अगं, स्क्रिप्ट वाचली तुझी. बॉर्डरच्या दोन बाजूंचे दोन मित्र, विषय छानच आहे, पण दोघं पानापानावर 'तुझ्यासाठी जीव देईन' म्हणतात आणि जीव राहू दे, कुणी साधा शर्टही मळवून घेत नाही. तू 'द थ्री बरियल्स ऑफ मेल्किआदेस एस्त्रादा' बघ, 2005 चा. टॉमी ली जोन्सने डायरेक्ट केलाय, मेन रोलही त्याचाच, कान्स फेस्टिव्हलला त्याला बेस्ट ॲक्टर मिळालं आणि पटकथेचं बक्षीस गिलेर्मो अरिआगाला.

गोष्ट एवढीच की टेक्सासमधल्या पीट नावाच्या काऊबॉयचा मित्र मेल्किआदेस, जो मेक्सिकोतून कागदपत्रांशिवाय आलेला असतो, त्याला एक नवखा बॉर्डर पॅट्रोलवाला, म्हणजे सीमेवर गस्त घालणारा, गैरसमजातून गोळी घालतो आणि शेरीफ, म्हणजे तिथला पोलीसप्रमुख, प्रकरण दाबून टाकतो. पीटने मेल्किआदेसला शब्द दिलेला असतो की तू मेलास तर तुला तुझ्या गावी नेऊन पुरेन, इथे होर्डिंगांच्या गर्दीत नाही. मग तो त्या पॅट्रोलवाल्यालाच उचलतो, त्याच्याकडूनच मढं उकरून घेतो आणि घोड्यांवरून निघतात बॉर्डरपलीकडे.

आता बघ, पीट मैत्रीवर भाषण देतच नाही. मढ्याला मुंग्या लागतात तर तो मुंग्या जाळतो, सडायला लागतं तर त्यात अँटिफ्रीझ ओततो, गाडीच्या रेडिएटरमध्ये घालतात ते! किळस येते आणि थोडं हसूही येतं, आणि नेमकं तिथेच कळतं की ह्याला मित्र किती जवळचा होता. तुझ्या स्क्रिप्टमध्ये असं घाणेरडं, कंटाळवाणं, कुणी थँक्यू न म्हणणारं एक तरी काम हवं.

राग पण असाच लिहायचा. 1997 मध्ये टेक्सासच्या रेडफर्ड गावात शेळ्या चारणाऱ्या एसेकिएल हर्नांडेझ नावाच्या 18 वर्षांच्या मुलाला बॉर्डरवर ड्रग्जसाठी पाळत ठेवणाऱ्या अमेरिकन मरीन्सनी, म्हणजे सैनिकांनी, गोळी घातली आणि खटला कुणावरच चालला नाही. पिक्चरच्या मुळाशी ती घटना आहे, पण पडद्यावर त्यावर लेक्चर नाही, फक्त शेरीफचा कंटाळलेला चेहरा. तुझा तो इन्स्पेक्टर दीड पान बोलतो, कशाला?

(पुढे स्पॉयलर आहे, बघायचा असेल तर हा पॅरा सोड.) ज्या गावाचं नाव मित्राने सांगितलेलं असतं ते तिकडे कुणालाच माहीत नसतं, आणि फोटोतली बायको म्हणते मी ह्याला ओळखतच नाही. पीट तरी एक पडकं घर शोधून 'हेच ते' म्हणतो. तुझे दोघं मित्र एकमेकांशी कधीच खोटं बोलत नाहीत, म्हणून मला ते खरे वाटले नाहीत.

आणि पीटला संत समजू नकोस हं, दुसऱ्याला बांधून, मारत, वाळवंटातून ओढत नेणारा माणूस आहे तो. त्याचं बरोबर की चूक हे माझं अजून ठरलेलं नाही, पण पिक्चरलाही ते ठरवायची घाई नाहीये हे मला आवडतं. पहिला अर्धा भाग काळात मागेपुढे उड्या मारतो, गोंधळशील, पण फोन बाजूला ठेवून बघ.

तुझ्या ड्राफ्टमधला हॉस्पिटलचा सीन आधी काढ, तिथे दोघं फक्त रडतात. त्या जागी एकाने दुसऱ्यासाठी काहीतरी करायचंय, काय ते तू ठरव. आणि पाठवताना पीडीएफच पाठव, मागच्या वेळी फॉन्ट सगळा विस्कटला होता.