रेडिएशनचा साचा हीटच्या दिवशी का चालत नाही, आणि आखडलेल्या खांद्याचं काय करायचं

ताई, तुमचा प्रश्न मला समजला तो असा. आईंचं डावं स्तन काढून चार वर्षं झाली, तेव्हा रेडिएशनही झालं होतं. आता व्रणाजवळ पुन्हा गाठी आल्यात आणि डॉक्टरांनी रेडिएशनसोबत हायपरथर्मिया, म्हणजे गाठीला उष्णता देण्याचा 'हीट'चा उपचार, सांगितलाय. रेडिएशनला अंग रोज त्याच जागी राहावं म्हणून अंगाचा साचा बनवायला सोमवारी बोलावलंय, पण हीटच्या दिवशी तो साचा वापरणार नाही असंही म्हणाले. मग साचा कशाला, आणि डावा हात वर जात नसताना आई तासभर कशा झोपणार, ही तुमची काळजी.

मी 24 वर्षं रेडिओथेरपी टेक्नॉलॉजिस्ट होते, त्यातली शेवटची काही वर्षं हीटच्या यंत्रावर. औषधोपचाराचे निर्णय डॉक्टरांचे. पण साचे मी शेकड्यांनी बनवलेत, म्हणून सविस्तर लिहिते.

आपल्याकडे लोक रेडिएशनलाच 'शेक' म्हणतात, त्यामुळे घोळ होतो. त्या शेकात ऊब अजिबात नसते. खरा शेक हायपरथर्मियाचा. गाठीचं तापमान साधारण 40 ते 43 अंशांवर नेऊन तासभर तिथंच राखायचं, आठवड्यातून एकदा किंवा दोनदा. एवढ्या उष्णतेत किरणांनी मोडलेला डीएनए पेशीला नीट सांधता येत नाही. शिवाय रक्त वाढून गाठीत प्राणवायू पोचतो आणि किरण जास्त लागू पडतात. एकदा रेडिएशन झालेल्या जागी दुसऱ्यांदा पूर्ण डोस देता येत नाही, तिथं या जोडीचा आधार मोठा. स्तनाच्या कॅन्सरच्या पाच चाचण्या एकत्र करून 1996 मध्ये निष्कर्ष आले होते. 306 रुग्णांमध्ये नुसत्या रेडिएशननं 41 टक्के आणि हीटच्या जोडीनं 59 टक्के जणींच्या त्या जागच्या गाठी पूर्ण विरल्या, आणि सगळ्यात ठळक फरक आधी रेडिएशन झालेल्या जागी दिसला. मुंबईत नानावटी रुग्णालयातही डोके-मानेच्या कॅन्सरवर अशी चाचणी झाली, ती 2010 मध्ये प्रसिद्ध झाली. म्हणजे डॉक्टरांनी आईंना भलतंच काही सांगितलेलं नाही.

आता साचा. रेडिएशनच्या टेबलावर किरण चालू असतात ती मोजकी मिनिटं, पण रोज त्याच जागी मिलिमीटरच्या हिशेबानं झोपावं लागतं. सोमवारी आईंना बहुधा व्हॅक्यूम गादीवर झोपवतील. आत थर्माकोलचे बारीक मणी असतात. गादी अंगाभोवती दाबून हवा ओढून घेतली की ती दगडासारखी घट्ट होते आणि पाठीचा, खांद्याचा, दंडाचा ठसा तसाच राहतो. मग त्याच अवस्थेत सीटी, आणि अंगावर टिंबाएवढ्या खुणा. रोज भिंतीवरच्या लेझरच्या रेषा त्या खुणांवर जुळवतात. गादीला बारीक भोक पडलं तर ती हळूहळू मऊ होते. म्हणून आईंना "आज गादी सैल वाटतेय" असं वाटलं, तर त्यांनी तसं लगेच सांगावं.

हीटचं गणित निराळं आहे. तिथं यंत्राच्या लहरींची ऊर्जा अंगात शिरते ती पाण्याच्या पिशवीतून. ही पिशवी कातडीला सगळीकडून चिकटलेली हवी, आणि आतलं पाणी फिरतं ठेवून कातडीचं तापमान सांभाळतात. पिशवी आणि कातडी यांच्यात हवेचा बुडबुडा राहिला, तर ऊब एका जागी कमी पडते आणि दुसऱ्या जागी चटका बसतो. काही यंत्रांत पाठीखालीही अशीच पिशवी असते. तिथं मण्यांची गादी मध्ये घातली तर लहरींची वाटच अडते. म्हणून हीटच्या दिवशी गुडघ्याखाली, मानेखाली, दंडाखाली फोमचे तुकडे देतात आणि छाती-पाठ यंत्रासाठी मोकळी ठेवतात. (काहींना डोकं-मानेच्या जाळीदार मास्कबद्दल वाटतं की उष्णतेनं तो वितळेल. तसं होत नाही. ते प्लास्टिक साठ-सत्तर अंशांच्या पाण्यात मऊ होतं, 43 अंशांत नाही. पण तासभर तो चेहऱ्यावर घट्ट ठेवायचा आणि वर रुग्णानं बोलायचं, हे जमणारं नाही.)

बोलणं हा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. किरण लागताना काही जाणवत नाही, हीटमध्ये मात्र रुग्णाचं बोलणं आमच्यासाठी तापमापकाइतकंच मोलाचं असतं. कातडीवर सेन्सर चिकटवतात, पण ते मोजक्याच जागी. व्रणात रक्त कमी फिरतं, म्हणून तो लवकर तापतो आणि उशिरा निवतो. त्यात ऑपरेशनमध्ये नसा कापल्यामुळे छातीचा आणि काखेचा काही भाग बधिर असतो. आमच्याकडे एक काकू होत्या, आईंच्याच वयाच्या. काख जळतेय हे त्यांना कळत होतं, पण उपचार म्हणजे सोसायचंच असं समजून त्या गप्प राहिल्या. तासाभरानं पिशवी उचलली तर मोठा फोड. चूक आमची होती. दर काही मिनिटांनी "कसं वाटतंय?" असं विचारून आम्ही थांबलो, "काखेत कसं वाटतंय, व्रणावर कसं?" असं जागेचं नाव घेऊन विचारलं नाही. त्यांचं रेडिएशन दहा दिवस थांबवावं लागलं. तो फोड मला आजही दिसतो. आईंना घरीच बजावून ठेवा: चटका लागला की त्याच क्षणी हाक मारायची, सोसायचं नाही.

आता खांदा. यावर माझं मत ठाम आहे. सोमवारी वेदनाशामक गोळीच्या जोरावर हात जितका वर जाईल, तितका वर नेऊन साचा करू देऊ नका. मी नवीन असताना एका रुग्णाचा साचा असाच केला होता. तिसऱ्या आठवड्यात हात तिथवर जाईना, खांदा उचलून ते कसंबसं जुळवत आणि खुणा सरकत. शेवटी सगळं पुन्हा केलं. रोज, गोळीशिवाय, पाच मिनिटं न थरथरता हात जिथं राहतो, तीच जागा खरी. हात थोडा खाली राहिला तरी फिजिसिस्ट, म्हणजे किरणांचं गणित मांडणारे तज्ज्ञ, किरणांचे कोन त्याप्रमाणे बसवू शकतात. तंत्रज्ञांना स्पष्ट सांगा, "आईंचा हात एवढाच जातो, त्यावरच साचा करा."

हीटसाठी हात डोक्यावर हवाच असं नसतं. बऱ्याचदा तो बाजूला, थोडा लांब ठेवला तरी चालतं. मात्र दंड आणि कूस यांची कातडी एकमेकींना टेकायला नको, तिथं चटका बसतो. मध्ये सुती टॉवेल घालतात आणि घाम पुसत राहतात. आईंच्या हाताला सूज असेल तर ते आधी सांगा, म्हणजे दंडाखालचा आधार तसा उंच घेतील.

त्या दिवशी मंगळसूत्र, बांगड्या, जोडवी घरी ठेवा, कारण धातू तापतो. पेसमेकर, केमोचं औषध देण्यासाठी कातडीखाली बसवलेला पोर्ट किंवा शरीरात धातूची कुठलीही पट्टी-क्लिप असेल तर आधीच डॉक्टरांच्या कानावर घाला. यंत्राखाली जाण्याआधी लघवीला जाऊन यायला सांगा, तास मोठा असतो.

खर्चाचं म्हणाल तर हीटच्या दिवशी दुसरा साचा बनत नाही, ते फोम विभागाचेच असतात. बिलात दोनदा साचा दिसला तर विचारा.

सोमवारला अजून पाच दिवस आहेत. फिजिओथेरपिस्टनी भिंतीवर बोटं चढवण्याचा व्यायाम दिलाच असेल, तो दिवसातून तीनदा करवून घ्या, आणि बोटं कुठपर्यंत पोचतात तिथं पेन्सिलीनं रेघ मारा. रविवारची रेघ सोमवारी तंत्रज्ञांना दाखवा.