गोठ्यात गोचिडी कायमच असतात, मग युरोपातल्या गोचिडीसाठी लस कशाला?

तुम्ही लिहिलंय की मुलगा एप्रिलात म्युनिकला शिकायला चाललाय, तिथला मित्र त्याला गोचिडीमुळे होणाऱ्या मेंदूज्वराची लस घे म्हणतोय, आणि तुमच्या गोठ्यात तर जन्मभर गोचिडी आहेत, कुणाला काही झालं नाही. मी करवीर तालुक्यात पंचवीस वर्षं जनावरांचा डॉक्टर म्हणून गोठे फिरलोय, माझी मुलगीही तिकडेच नोकरीला आहे. माझं म्हणणं, लस घ्यायला लावा.

आपल्या गोठ्यातली गोचीड गाईला ताप आणते, दूध आटवते. तिकडची जात वेगळी. ती गवतात, झुडपात दबा धरून बसते, तिचं पिल्लू खसखशीच्या दाण्याएवढं असतं आणि चावलेलं कळतही नाही. म्युनिक ज्यात येतं ते बव्हेरिया आणि शेजारचं बाडेन-वुर्टेम्बर्ग ही जर्मनीची राज्यं जवळजवळ सगळीच जोखमीची. ऑस्ट्रिया, चेकिया, बाल्टिक देशांतही हा आजार आहे. आणि आपल्याकडे असलं काही नसतं, असंही समजू नका. याच घराण्यातल्या विषाणूचा माकडताप १९५७ साली शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या जंगलात सापडला, २०१६ मध्ये दोडामार्ग तालुक्यात त्याची साथ आली. चंदगडहून तिलारी घाट उतरलात की दोडामार्गच.

चावल्यावर विषाणू काही मिनिटांत अंगात जातो. बऱ्याच जणांना काहीच होत नाही. काहींना आठवड्या-दोन आठवड्यांनी साधा ताप येतो, उतरतो, माणूस बरा झाला असं वाटतं आणि मग ताप परत येतो, तो मेंदूवर. यावर नेमकं औषध नाही, म्हणून लसीचा आग्रह. तीन डोस असतात. दुसरा एक ते तीन महिन्यांनी, घाई असेल तर दोन आठवड्यांनीही चालतो. दोन झाले की तो हंगाम निभावतो, तिसरा पुढे काही महिन्यांनी. माझ्या मुलीने तिकडे पोचल्यावर घेतली. आपल्याकडे मुलांना मेंदूज्वराची म्हणून देतात ती जपानी मेंदूज्वराची लस, ती इथे उपयोगाची नाही.

आता दुधाचं, कारण हे कोल्हापूरच्या पोराला सांगायलाच हवं. गंगावेशीत म्हशीच्या धारेखाली पेला धरून दूध पिणारी माणसं आपण. तिकडे डोंगरातल्या शेतावर शेळीचं ताजं, न तापवलेलं दूध किंवा त्याचं चीज कुणी प्रेमाने पुढे केलं, तर त्याने घेऊ नये. शेळीला गोचीड चावली असेल तर विषाणू दुधात उतरतो. उकळलं की मरतो. (खरं तर इथेही मी दूध तापवूनच प्या म्हणतो, ब्रुसेलोसिसच्या, म्हणजे जनावरांच्या कच्च्या दुधातून माणसाला होणाऱ्या तापाच्या भीतीने.)

जंगलातून आल्यावर काखा, जांघा, गुडघ्यामागे, केसांत बघायचं. गोचीड दिसली तर रॉकेल, तेल, पेटती काडी काही नको. बारीक टोकाच्या चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढायची. लस घेतली तरी हे सोडायचं नाही, कारण तीच गोचीड लाइम नावाचा आजारही देते. त्यावर ही लस चालत नाही, आणि त्याचे जंतू अंगात यायला बहुतेक वेळा दिवसभर तरी लागतो.

सुट्टीला घरी आला आणि महिन्याभरात ताप भरला, तर इथला डॉक्टर आधी डेंग्यूच धरणार. त्याला पहिल्याच भेटीत सांगा, मुलगा कुठून आलाय आणि गोचीड चावली होती का.