जेवताना गोळा कुठं जातो?

"मॅडम, रिपोर्टात थायरॉईडला सूज आलीया. गळ्यात गोळा अडकतोय तो त्याचाच काय ओ?" कोल्हापुरात राजारामपुरीतल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत हा प्रश्न इतक्या जणींनी विचारलाय, की आज सुनंदाताईंची हकीकत सांगते. नाव आणि ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत.

ताई गंगावेशीतल्या, वय ४४. हाशिमोटो थायरॉयडायटिस, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच थायरॉईडवर उलटते तो आजार. गोळी सुरू होऊन चार महिने झालेले, टीएसएच (थायरॉईडचं काम कसं चाललंय ते सांगणारी रक्ततपासणी) जाग्यावर, कान-नाक-घसा तज्ज्ञांनी दुर्बिणीतून पाहिलेला घसाही स्वच्छ. "घरात म्हणत्यात, तुझ्या मनाचं खूळ हाय."

मी म्हटलं, "खूळ नाही. गोळा तुम्हाला खराच जाणवतोय." थायरॉईड श्वासनलिकेला पुढून बिलगलेली असते, आवंढा गिळला की वर-खाली होते. ती सुजली तर तिथं दाटल्यासारखं वाटू शकतं. एवढं ऐकूनच ताईंचे डोळे भरले. पण पुढचंही सांगणं भाग होतं. सूज असून काहीच न जाणवणारे पुष्कळ असतात, आणि थायरॉईड ठणठणीत असूनही गोळा जाणवणारेही. पित्त घशाशी आलं तरी असं होतं. शिवाय गोळी हार्मोनची कमतरता भरून काढते. सूज तिनं लगेच ओसरतेच असं नाही.

बोलताना त्यांचा अंगठा मंगळसूत्राच्या वर, गळ्याच्या खोबणीत जायचा. दाबायचा, आवंढा, पुन्हा दाबायचा. पाच मिनिटांत चौदा आवंढे मी मोजले. तुम्हीही कोरडा आवंढा लागोपाठ पाचसहा वेळा गिळून बघा, चांगला घसासुद्धा अडखळतो.

तिसऱ्या भेटीत मी विचारलं, "जेवताना अडकतो?"

"जेवताना... न्हाई की. रविवारी तांबडा-पांढरा झाला, दोन भाकऱ्या खाल्लो. तवा नव्हताच." मग गप्प झाल्या. बऱ्याच वेळानं म्हणाल्या, "आमच्या अण्णांना शेवटी पाणीबी उतरत नव्हतं. मीच चमच्यानं घालत होतो."

तंबाखू, घशाचा कॅन्सर. पहिल्या भेटीत वडिलांचा विषय एका वाक्यात उरकला होता. मी काही बोलले नाही. रस्त्यावरून दोन-तीन रिक्षा गेल्या. ताईंनी समोरचा पेला उचलला, घोट घेतला, आणि हलकेच म्हणाल्या, "मला उतरतंय."

ती शांतता मी मोडली नाही याचं आजही समाधान वाटतं. मी शरीर आणि मन वेगळं न मानणारी. न बोललेलं गळ्यात साठतं, असं बरीच वर्षं धरून चालले होते. ताईंनी वेगळंच दाखवलं. त्या बोलणं गिळत नव्हत्या, वाट उघडी आहे ना याची दर घटकेला खात्री करत होत्या. सुजेनं त्या जागेकडे लक्ष वेधलं, भीतीनं ते तिथंच खिळवून ठेवलं.

म्हणून आम्ही एवढंच ठरवलं: हात गळ्याकडे गेला की खांदे सैल सोडायचे, लांब श्वास सोडायचा, आवंढ्याऐवजी घोटभर पाणी प्यायचं. थायरॉईडची गोळी स्वतःहून बंद करायची नाही. ती उपाशीपोटी, चहा अर्ध्या-एक तासानं. कॅल्शियम किंवा लोहाच्या गोळ्या असतील तर चार तासांचं अंतर. आणि घास खरोखर अडकत असेल, गिळताना दुखत असेल, आवाज तीन आठवडे बसलेला असेल, वजन घटत असेल, गळ्याला गाठ लागत असेल, तर माझ्याकडे नव्हे, आधी डॉक्टरांकडे जा. दम लागत असेल तर तातडीनं.

शेवटच्या भेटीत ताईंचे दोन्ही हात पिशवीवर होते. "गोळा?" मी विचारलं.

"येतोय कवातरी, सांजचं. पाणी पितो आन् भाकरी थापाय बसतो."