पेपरला पाय लागला तर

चि. ओवी,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू विचारलंस, "पेपरला पाय लागला म्हणून आजीने नमस्कार करायला लावला आणि दुपारी त्याच पेपरवर कोळंबी सोलली. हे कसं काय?" लहानपणी मीही तिला हेच विचारलं होतं. मला धपाटा मिळाला होता.

नमस्कार अक्षराला असतो गं. वही-पुस्तकाला करतो तसाच. पण पुस्तक जपून ठेवायचं आणि पेपर जेवणापर्यंतचा. आजोबांचं शब्दकोडं झालं की तो रद्दी, मग कोळंबीची सालं काय नि कपाटाची फळी काय.

माझ्या लहानपणी कणकवलीला पेपर कोल्हापूरहून फोंडा घाट उतरून एसटीने यायचा. लांबच्या गावांची आवृत्ती आधी छापून गाडीत चढवावी लागते, शहराची नंतर निघते. म्हणून रात्री उशिरा संपलेल्या मॅचचा निकाल आमच्या पेपरात नसायचाच. तो रेडिओवर कळलेला असे. तरी आजोबा शेवटच्या पानापर्यंत वाचायचे, निधनवार्तांसकट. शेजारचे एक काका मधलं पान "जरा बघून देतो" म्हणून न्यायचे. ते परत आलेलं मला तरी आठवत नाही.

आणि एक. मराठीतलं पहिलं वर्तमानपत्र, 'दर्पण', ६ जानेवारी १८३२ला मुंबईत निघालं. काढणारे बाळशास्त्री जांभेकर विशीतले होते आणि आपल्याच जिल्ह्यातल्या पोंभुर्ल्याचे! त्या पेपरात एका रकान्यात मराठी, शेजारी इंग्रजी. इंग्रज राज्यकर्त्यांनाही वाचता यावं म्हणून. म्हणजे तुझ्यासारखाच दोन भाषांत बोलणारा पेपर, फक्त तू एकाच वाक्यात दोन्ही कोंबतेस. तो जेमतेम आठ वर्षं चालला, पण ६ जानेवारी महाराष्ट्रात अजून पत्रकार दिन म्हणून पाळतात. पोंभुर्लं देवगड तालुक्यात आहे. आजोबांना सांग, नेतील. वाटेत चहासाठी थांबतील, तेवढं सांभाळून घे.

आजी फोनवर बातम्या बघते, तरी पेपर कशाला, हेही विचारलं होतंस. फोनवर मिरच्या वाळत घालता येत नाहीत, हे तिचं उत्तर तयार असेल.

येताना पुरवणीतली दोन-चार शब्दकोडी कापून आण. कोरी आण, आजोबांनी अर्धी सोडवलेली नकोत.

तुझा,
बाबा