आधी पैसा दाखवा, मग पाडा

प्रिय इंजिनिअरसाहेब,

तुझा लांबलचक मेसेज वाचला. पगार थकल्याचं वाक्य तू मध्येच कुठेतरी दडवलंयस आणि शेवटी विचारलंयस ते भलतंच: पाडलेल्या चाळीचे भाडेकरू गेटवर येतात, त्यांना काय सांगू? तुझे बिल्डर शेठ म्हणतात, दिवाळीनंतर काम सुरू होईल म्हणून सांग. तुला ठाऊक आहे की टॉवर क्रेन भाड्याची होती, ती गेली. मुकादम आपली टोळी घेऊन ठाण्याच्या साइटवर गेला. गिरगावातल्या त्या निळ्या पत्र्यांच्या आड आता तू, एक वॉचमन आणि खड्ड्यात साचलेलं पाणी.

आणि मग तू लिहितोस, "मार्केटच डाऊन आहे मॅडम, त्याला कोण काय करणार?" या वाक्याला मी फोन बाजूला ठेवला. राग आला. आता थोडा उतरलाय म्हणून लिहितेय. पुन्हा चढला तर ऐकून घे.

मार्केट डाऊन होतंच रे. १९९५ नंतर मुंबईतले जागांचे भाव असे बसले की कित्येक वर्षं उठले नाहीत. २००८ ची जागतिक मंदी आली. २०१६ च्या नोव्हेंबरात नोटा गेल्या. २०१८ च्या सप्टेंबरात आयएल अँड एफएस ही बडी वित्त कंपनी बुडाली, आणि बिल्डरांना कर्ज देणाऱ्या वित्त कंपन्यांनी हात आखडले. त्यातून सावरतोय तोवर कोविड. एवढं सगळं डोळ्यांदेखत झाल्यावरही 'मंदी येणार नाही' असं धरून जो चाळ पाडतो, तो अडाणी नसतो. मंदी आली तर ती कुणाच्या डोक्यावर पडेल, हे त्याला पक्कं माहीत असतं. म्हणून मला मंदीचं कौतुक सांगू नकोस. मंदीत काम थांबेल हे मान्य. पण थांबलेल्या कामाच्या जागी खड्डा दिसतो, कारण पाडताना बांधायचे पैसे बाजूला काढलेले नव्हते. आधी पैसा दाखवा, मग पाडा. माझ्याकडे ट्रेनिंगला होतास तेव्हा हे माझ्या तोंडून ऐकून कंटाळला होतास. आज परत ऐक.

तुला कॉलेजात काँक्रीट शिकवलं, त्यामागचा पैसा कुणी शिकवला नाही. ३३(७) मध्ये, म्हणजे मुंबईतल्या जुन्या चाळींच्या पुनर्विकासाच्या नियमात, भाडेकरूला निदान ३०० चौरस फुटांचं घर फुकट द्यायचं असतं, आणि तो सगळा खर्च विक्रीच्या फ्लॅटमधून काढायचा असतो. ते फ्लॅट अजून हवेत असतात. तोवर भाडेकरूंना बाहेर राहायला द्यायचं भाडं, जादा बांधकामासाठी पालिकेला भरायचे प्रीमियम, खोदाई, पायलिंग सगळं व्याजाच्या पैशावर चालतं. पंगत बसवून झाल्यावर लाकडं शोधायला निघायचं, असला हा कारभार. विक्री मंदावली की आधी भाड्याचा चेक थांबतो, कारण भाडेकरू काम बंद पाडू शकत नाही. त्यानंतर काँट्रॅक्टरचं बिल थांबतं, मग तुझा पगार. सावकाराचं व्याज सगळ्यात शेवटी थांबतं. हा क्रम मी इतक्या साइट्सवर पाहिलाय की भाडं किती महिन्यांपासून बंद आहे एवढं कळलं, तरी बाकीचं मी घरबसल्या सांगेन.

आता म्हणशील, बिल्डरांवर लगाम ठेवणारा रेरा आहे ना. आहे, २०१७ पासून आहे आणि चांगला कायदा आहे. घेतलेल्या पैशांतले ७० टक्के वेगळ्या खात्यात ठेवायला लावतो. पण तो विकत घेणाऱ्यासाठी. ज्याने पैसे भरले तो ग्राहक, आणि ज्याने राहतं घर रिकामं करून किल्ल्या हातात दिल्या तो त्या हिशेबात बसत नाही. सोसायट्यांच्या पुनर्विकासासाठी २००९ च्या शासन निर्देशात प्रकल्पखर्चाच्या २० टक्के बँक गॅरंटी सांगितली. पागडीच्या, म्हणजे जुन्या भाडेकरूंच्या चाळीत सोसायटी कुठली? बिल्डरला मालक आणतो, भाडेकरू संमतिपत्रावर सह्या करतो. म्हणजे ज्याच्याकडे सगळ्यात कमी आहे त्याच्याचसाठी सगळ्यात कमी बंदोबस्त. २०१९ च्या नोव्हेंबरात केंद्राने रखडलेल्या घरांसाठी २५,००० कोटींचा 'स्वामी' निधी काढला. त्यातून बोरिवलीत घरं पूर्ण झालेली मी वाचली आणि मनापासून बरं वाटलं. पण त्याच्या अटी बघ: रेरात नोंदलेला प्रकल्प, देण्यापेक्षा येणं जास्त. तुझ्या खड्ड्याला ते दार उघडणार आहे का? २०२१ मध्ये राज्याने प्रीमियम निम्मे केले. त्या सवलतीने नव्या कामांचे नारळ भराभर फुटले. जुना खड्डा भरलेला मी तरी फारसा पाहिला नाही.

वरळीच्या बीडीडी चाळींचं उदाहरण तू मागे दिलं होतंस, टोमणा म्हणून. २०१७ ला भूमिपूजन आणि २०२५ च्या ऑगस्टमध्ये पहिल्या ५५६ कुटुंबांना किल्ल्या, एवढी वर्षं? लागली, आणि मलाही ती जास्तच वाटतात. पण तिथे मागे म्हाडा, म्हणजे सरकारी गृहनिर्माण संस्था, उभी होती आणि राहणाऱ्यांच्या इमारती आधी उभ्या केल्या. उलट गोरेगावची पत्राचाळ बघ. खाजगी बिल्डरशी २००८ चा करार, ६७२ कुटुंबं घराबाहेर, आणि शेवटी काम म्हाडालाच हातात घ्यावं लागलं. दोन्हीकडे बाजार तोच होता.

आता माझं. तू विचारलं नाहीस, तरी सांगते, कारण कुणीतरी तुला सांगेलच.

लालबागच्या एका चाळीत भाडेकरूंनी मला स्ट्रक्चरल सल्लागार म्हणून बोलावलं होतं. तीन मजली, लाकडी तुळया, मागच्या बाजूचा गॅलरीचा कठडा हाताने हलायचा. बिल्डर आला तो चांगला माणूस होता, हेही सांगते. मी भाडेकरूंना म्हटलं, टेकू लावून, तुळया बदलून ही इमारत अजून काही वर्षं उभी राहते, घाई करू नका. त्याच्याकडून बँक गॅरंटी आणि दोन वर्षांचं भाडं आधी घ्या, मग खोल्या सोडा. तो म्हणाला, एवढे पैसे अडकवले तर मला परवडत नाही. मी म्हटलं, मग तुम्हाला ही इमारत परवडत नाही. तो उठला आणि शेजारच्या चाळीत गेला. त्यांनी काही मागितलं नाही.

आणि शेजारची चाळ झाली. बाजार तेजीत होता, फ्लॅट खपले, टॉवर उभा राहिला. त्या लोकांच्या घरात आज संडास आहे, लिफ्ट आहे. माझी माणसं अजून मजल्याच्या टोकाला बादली घेऊन जातात. तिथल्या एक आजी माझ्याशी बोलत नाहीत. आता त्यांना जिना उतरवत नाही, आणि 'त्या बाईने आमचं घर घालवलं' असं त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात. मला वाईट वाटतं का? वाटतं. गणपतीत लालबागला गेले की त्या गल्लीतून जायचं टाळते, एवढं वाटतं. पण सल्ला चुकला का? नाही. ज्या सल्ल्याने दहातल्या एका चाळीला टॉवर मिळतो आणि उरलेल्यांची बिऱ्हाडं ट्रान्झिट कॅम्पात जुनी होतात, तो सल्ला मी देणार नाही. सायनच्या प्रतीक्षा नगरच्या कॅम्पात जाऊन बघ, 'तात्पुरतं' म्हणून गेलेल्यांची नातवंडं तिथे शाळेत जातात. शेजारच्यांनी पैसा न पाहता घर सोडलं आणि बाजार त्यांच्या बाजूने पडला. ह्यात शहाणपण कुठलं? आणखी दोन वर्षं उशिरा गेले असते तर २००८ मध्ये सापडले असते. हे मी आजींना सांगितलंसुद्धा होतं. त्या म्हणाल्या, "पण नाही ना सापडले." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि उत्तर नाही म्हणून माझं म्हणणं बदललेलंही नाही.

असो. तू काय करायचंस ते.

दिवाळीचं खोटं तुझ्या तोंडून जाऊ देऊ नकोस. शेठना सांगायचं असेल तर ते स्वतः गेटवर येऊन सांगतील. तू इतकंच म्हण की काम बंद आहे, कधी सुरू होईल हे मला माहीत नाही, आणि ज्याला माहीत आहे त्याला लेखी विचारा. काय विचारायचं तेही सांग: प्लॉटवर कर्ज कुणाचं आहे, सीसी, म्हणजे बांधकाम सुरू करायची परवानगी, जोत्यापर्यंतचीच आहे की पुढची मिळालीय, भाडं किती महिन्यांचं थकलंय. ऑफिसातले कागद गुपचूप काढून देऊ नकोस, त्याची गरज नाही. म्हाडाच्या एनओसीची, म्हणजे ना-हरकत दाखल्याची, प्रत माहितीच्या अधिकारात मिळते. म्हाडा कायद्यातल्या ९१-अ कलमाचं नाव त्यांच्या कानावर घाल. बिल्डरने काम अर्धवट सोडलं, भाडं थकवलं, तर म्हाडाला ती मालमत्ता ताब्यात घेऊन स्वतः इमारत पूर्ण करता येते, अशी ती तरतूद आहे. २०२२ मध्ये तिला राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली. पटकन होत नाही. पण अर्ज म्हाडाच्या दुरुस्ती मंडळात पडला की शेठची भाषा बदलते, हे मी पाहिलंय.

नोकरी जाईल म्हणतोस. पगार येतोय का? मग जाणार काय?

दुबईच्या नोकरीचं तू शेवटी एका ओळीत लिहिलंयस. खुशाल जा. मी काही तुला 'शहराचं ऋण' वगैरे ऐकवणार नाही, भाडं भरायला ऋण उपयोगी पडत नाही. फक्त जाशील तिथेही कुणीतरी काहीतरी पाडत असेल. पहिल्याच मीटिंगला विचार, बांधायचे पैसे कुठल्या खात्यात आहेत. हसतील. हसू देत.

पण जाण्याआधी एक काम तुझं आहे आणि ते मंदीवर ढकलता येणार नाही. खोदाईच्या कडेचे शोअर पाइल्स, म्हणजे माती अडवणारे खांब, तात्पुरत्या मुदतीसाठी डिझाइन केलेले असतात, त्यांच्यावर किती पावसाळे काढायचे असं कुणी धरलेलं नसतं. पंप बंद आहे म्हणतोस, म्हणजे मागची माती भिजतेय, आणि त्या मातीवर शेजारची चाळ उभी आहे, तिच्यात माणसं राहतात. उद्याच त्या चाळीत जा. भिंतीला तडे असतील तिथे काचेची पट्टी दोन्ही टोकांना प्लास्टरने चिकटव आणि प्लास्टरवर खिळ्याने तारीख कोर. काच तडकली की समजायचं, भिंत सरकतेय. तळमजल्यापासून सुरू कर, खड्ड्याकडच्या खोल्या आधी. कॉलममधून वर आलेल्या सळ्यांना गंज चढला असेल, तार-ब्रशने घासून सिमेंट स्लरी मार. सिमेंटची दोन पोती शेठ देत नसतील तर मला सांग, मी पाठवते. पंपासाठी मात्र त्यांच्या मागेच लाग, लेखी लाग, आणि वॉर्ड ऑफिसला प्रत दे.

फोटो रविवारपर्यंत पाठव. जवळून काढ, शेजारी फूटपट्टी धरून. मागच्या वेळी पाठवलेस तसे सूर्यास्ताचे नकोत.

तुझी,
मॅडम