सिम्युलेशन शिकतोयस? आधी कागद-पेन्सिल घे

भावा, कुपवाड एमआयडीसीतली ड्यूटी करून रात्री सिम्युलेशन (खऱ्या गोष्टीचं गणित कॉम्प्युटरवर मांडून ती कशी वागेल ते बघणं) शिकतोयस आणि गुऱ्हाळाचं मॉडेल करायचं म्हणतोयस, हे तुझ्या पोस्टमध्ये वाचून फार बरं वाटलं. फक्त पहिल्याच दमात अख्खं गुऱ्हाळ कॉम्प्युटरवर उभं करू नकोस. भट्टी, धूर, उकळता रस नंतर बघू. आधी नुसता काहिलीचा, म्हणजे रस उकळायच्या मोठ्या कढईचा, तळ घे.

समज, साध्या पोलादाचा ५ मिमी जाड तळ आहे. त्याची उष्णतावाहकता (उष्णता किती सहज पुढं जाते ते) साधारण ५० वॅट प्रति मीटर प्रति अंश. खालून दर चौरस मीटरला १० किलोवॅट उष्णता येते असं धर. उष्णता (वॅटमध्ये) × जाडी (मीटरमध्ये) ÷ वाहकता: १०,००० × ०.००५ ÷ ५० = १. तळाच्या खालच्या आणि वरच्या बाजूत फरक फक्त १ अंशाचा! स्टेनलेस घेतलंस, वाहकता १६, तरी जेमतेम ३. म्हणजे पत्र्यावर डोकं खपवण्यात अर्थ नाही. जाळाकडून पत्र्याला आणि पत्र्याकडून रसाला उष्णता किती जाते, तिथंच उत्तर ठरतं. सॉफ्टवेअरमध्ये हेच मांड. १ आला नाही, तर मॉडेल तपास.

नवखे हमखास अडकतात ते इथं:

- मिमी आणि मीटरची गल्लत. माझा यात अख्खा आठवडा गेला होता.
- मेश (गणितासाठी मॉडेलचे पाडलेले छोटे तुकडे) एकदाच करून उत्तराच्या रंगीत चित्रावर विश्वास ठेवणं. मेश दुप्पट बारीक कर, उत्तर हललं तर अजून बारीक कर.
- पुढं कधी आवाजाचं सिम्युलेशन केलंस, तर त्याला जाड मेश. १००० हर्ट्झला हवेत तरंगलांबी ३४ सेमी, तिच्यात किमान सहा तुकडे हवेतच.

फ्रीकॅड (आकार काढायला) आणि एल्मर (गणित सोडवायला) ही सॉफ्टवेअर फुकट आहेत, सध्या तेवढं पुरे. तळाचं उत्तर आलं की इथंच टाक, मी बघतो.