ताईला विचारा : "शिक्का बसेल म्हणून गप्प बसू का?"

प्रश्न : ताई, मी अकरावी कॉमर्सला आहे, डोंबिवलीत. मला डिस्लेक्सिया आहे, म्हणजे वाचायला-लिहायला जड जातं, दहावीला सर्टिफिकेटवर जादा वेळ मिळाला होता. नवीन कॉलेजात कुणालाच माहीत नाही. युनिट टेस्टला पेपर अर्धाच झाला तर मॅडम सगळ्यांसमोर म्हणाल्या, नुसता आळस आहे. पप्पा म्हणतात सर्टिफिकेट दाखवू नकोस, शिक्का बसतो. आई गप्पच असते. काय करू?

उत्तर : अगं, शिक्का तर आत्ताच बसलाय ना, आळशीचा! त्यापेक्षा खरं काय ते सांगितलेलं बरं. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात दिव्यांगत्वाचे 21 प्रकार आहेत, त्यात डिस्लेक्सियासारखी अध्ययन अक्षमताही आहे, म्हणजे तू काही मेहरबानी मागत नाहीयेस.

मॅडमना वर्गात नको, स्टाफरूमबाहेर गाठ आणि एवढंच बोल, "मॅडम, मला येतं सगळं पण वाचायला वेळ लागतो, मला तासाला 20 मिनिटं जास्त हवीत." घरी दोनदा मोठ्याने बोलून बघ, नाहीतर ऐनवेळी रडू येतं. मग प्रिन्सिपलना अर्ज, सोबत सर्टिफिकेटची झेरॉक्स, आणि ऑफिसातून पोच घ्यायचीच. तोंडी "बघू" वर विसंबू नकोस. 2021 च्या नीटला डिसग्राफिया, म्हणजे लिहिण्याची अडचण, असलेल्या एका मुलीचा पेपर सेंटरवर तिचा हक्काचा जादा तास न देताच काढून घेतला, सुप्रीम कोर्टाने चूक परीक्षा घेणाऱ्यांचीच ठरवली पण परीक्षा काही पुन्हा झाली नाही.

एकटी जाऊ नकोस. सोबत कोण, तर गोड बोलणारी नाही, ऑफिसच्या खिडकीपाशी अर्धा तास तुझ्याबरोबर उभी राहील अशी मैत्रीण. शाळेतल्या ज्या बाईंनी दहावीला कागदपत्रं केली त्यांना फोन कर, बारावीच्या बोर्डाच्या सवलतीचा अर्जही कॉलेजमधूनच जातो, त्यातलं त्यांना कळतं.

पप्पांशी वाद घालू नकोस. युनिटचा पेपर समोर ठेव, लिहिलेल्या पानांवरचे मार्क दाखव आणि मग कोरी पानं दाखव. ते लाजत नसतील गं, घाबरत असतील.

ओरिजिनल सर्टिफिकेट मात्र कुणाच्या हातात देऊन येऊ नकोस. आणि आईला एकदा, पप्पा घरी नसताना, विचार ना तिला काय वाटतं ते.